धुतलेल्या पानांची बाग

ज्याच्या हातून घाव बसला त्याच्याच हातून औषध घेण्याची वेळ येणे, ही मनुष्याच्या आयुष्यातील एक अवघड अवस्था होय. औषध नाकारावे तर घाव चिघळतो. घ्यावे तर प्रत्येक मात्रेपूर्वी पेला हुंगून पाहावासा वाटतो. असा पेला हुंगणारा मनुष्य वाईट नसतो. परंतु ती सवय एकदा अंगवळणी पडली की तो पुढे घरच्या पाण्याचा पेलाही हुंगू लागतो, आणि तिथून त्याच्या दुःखाला आरंभ होतो.

बंदराच्या उंच भिंतीला लागून असलेल्या एका वस्तीची अवस्था अशीच झाली होती. भिंतीपलीकडे कोळशाचे ढीग होते. वारा समुद्राकडून सुटला की त्या ढिगांची काळी भुकटी वस्तीच्या खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि श्वासांवर येऊन बसे. अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर बंदराने एक निधी उभारला: आपल्या धुळीने जी वस्ती मलिन होते, तिला झाडे लावण्यासाठी साहाय्य करायचे. त्या निधीतून तीन वर्षांपूर्वी वस्तीच्या मध्यभागी एक बाग उभी राहिली. आता वस्तीची दृष्टी दुसऱ्या जागेवर होती. भिंत आणि दवाखाना यांच्यामध्ये एक ओसाड पट्टा पडून होता. तिथे दाट झाडी झाली तर दवाखान्याच्या खिडक्या उघडता येणार होत्या. न झाली तर बंदर तिथे मालमोटारींचा तळ करणार होते.

निर्णयाची रीत ठरलेली होती. जुन्या बागेतील बंदराकडच्या बाजूची वीस झाडे निवडून त्यांना तांबडा दोरा बांधलेला होता. तीन महिन्यांच्या अंतराने दोन पाहण्या व्हायच्या. प्रयोगशाळेतली मुलगी त्या झाडांची पाने कागदी पाकिटांत घालून नेई, मोजक्या पाण्यात ती धुई, आणि पाण्यात उतरलेली धूळ गाळून तोली. यांपैकी एका पाहणीत जरी धूळ ठरलेल्या रेषेच्या वर भरली तर पट्ट्यावर झाडी. दोन्हींत खाली भरली तर मालमोटारी.

पहिल्या पाहणीचा निकाल आला आणि बाग-समितीच्या सेक्रेटरीबाई कागद हातात धरून बराच वेळ उभ्याच राहिल्या. धूळ रेषेच्या निम्म्यावरही नव्हती.

या बाईंनी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते. निवृत्तीनंतर समितीचे दप्तर त्यांच्याकडे आले, ते त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखे चोख ठेवले. निकाल वाचल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवले. बोट काळे झाले. सकाळीच तो कठडा त्यांनी पुसला होता.

त्यांनी ते बोट यजमानांसमोर धरले आणि विचारले, की घरात एवढी धूळ असताना शंभर पावलांवरच्या बागेत ती नाहीशी कशी होते? यजमानांनी चष्मा वर केला, बोट पाहिले, आणि हात धुवून चहा ठेवण्याची विनंती केली. त्या गृहस्थांचा स्वभावच तसा होता. वादळ आले तरी आधी चहा, मग खिडक्या.

बाईंच्या मनात मात्र त्या दिवसापासून एक किडा शिरला. कोणीतरी त्या पानांवरची धूळ नाहीशी केली होती. ज्याचा त्यात लाभ, त्याचेच ते कृत्य. लाभ बंदराचा होता. पण बंदराचा माणूस बागेत येऊन पाने पुशीत बसणे शक्य नव्हते. आतला कोणी हाताशी धरल्याखेरीज हे होणार नव्हते. आणि आतला म्हणजे कोण? बागेची किल्ली दोघांकडेच होती. एक किल्ली बाईंच्या पर्समध्ये, दुसरी माळ्याच्या कमरेला.

हा माळी म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा दीर.

भाऊजींनी सगळा जन्म बंदराच्या टगबोटीवर खलाशी म्हणून काढला होता. मोठी जहाजे ओढून धक्क्याला लावणाऱ्या त्या बोटी नव्या आल्या, माणसे कमी झाली, आणि भाऊजी घरी बसले. बागेला माळी हवा होता तेव्हा बाईंनीच त्यांचे नाव सुचवले. समुद्रावरचा माणूस झाडे काय जगवणार, म्हणून लोक हसले. भाऊजींनी एकही झाड मरू दिले नाही. दर रविवारी ते दादांकडे जेवायला येत, आणि ताटावर बसताच म्हणत, ‘वहिनी, आज मीठ बेताचं घाला, आयुष्यभराचं आधीच पोटात गेलंय.’

अशा माणसाचा संशय घेणे बाईंना जड गेले. पण संशयाला एकदा जागा दिली की तो स्वतःचे पाट-पाणी स्वतः मांडून घेतो. बागेत एक नवी कोरी पाण्याची नळी आली होती आणि तिच्या तोंडावर बंदराचा नांगर कोरलेला होता. निधीचे काम पाहणारे बंदराचे अधिकारी हिरव्या शाईने सही करीत, म्हणून वस्ती त्यांना हिरवे साहेब म्हणे. हे साहेब दोन वेळा भाऊजींबरोबर बाकावर बसून चहा घेताना दिसले होते. एकदा बाई फाटकातून आत येताच दोघांचे बोलणे थांबले होते. निदान बाईंना तसे वाटले.

समितीचे अध्यक्ष कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक होते. गोळ्यांची पट्टी कापावी तसे ते मोजके आणि अचूक बोलत. बाईंनी नळीचा विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बाईंनी भाऊजींना आडवळणाने विचारून पाहिले. बागेत हल्ली कोण कोण येते?

‘कावळे येतात,’ भाऊजी म्हणाले. ‘आणि तुमची समिती येते. कावळे निदान बसतात तरी.’

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांना ते उत्तर चुकवल्यासारखे वाटले. त्यांनी नळी कुठून आली ते विचारले. स्वर त्यांना हवा होता त्याहून कडक निघाला. वर्गात कॉपी पकडताना निघे तसा. भाऊजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि ‘आली कुठून तरी’ असे म्हणून ते खुरपे घेऊन पलीकडच्या वाफ्याकडे निघून गेले.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सरळच विचारले, की भाऊजी पैशांसाठी असे काही करतील का? यजमान म्हणाले, लहानपणी तो माझी पेन्सिल चोरायचा, आणि चोरल्यावर पाच मिनिटांच्या आत स्वतःच येऊन सांगायचा. त्याच्याने चोरी कधी पुरी झालीच नाही. बाईंना हे बंधुप्रेम वाटले. पुरावा म्हणून ते कोणी मांडले असते तर त्यांनी फळ्यावरून पुसून टाकले असते.

दुसरी पाहणी जवळ आली. बाईंनी अध्यक्षांच्या नावे एक पत्र लिहिले. माळ्याने बंदराशी संगनमत करून पाहणीत व्यत्यय आणला आहे, सबब त्यास कामावरून दूर करावे, असा त्याचा आशय होता. पत्र लिहिताना त्यांनी ‘माझे दीर’ असे शब्द कुठेही येऊ दिले नाहीत, आणि हीच आपली निःपक्षता आहे असे त्यांना वाटले. पण प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पत्र द्यायचे नाही, एवढा विज्ञानाचा संस्कार त्यांच्यात शिल्लक होता. पाहणीच्या दिवशी दिशा उजळत असतानाच त्या मागच्या फाटकाने बागेत शिरल्या आणि पंपघराच्या भिंतीआड उभ्या राहिल्या.

फार वाट पाहावी लागली नाही. भाऊजी आले, त्यांनी सदरा काढून फांदीवर टांगला, नळीचे वेटोळे सोडले, आणि बरोबर तांबड्या दोऱ्याच्या पहिल्या झाडापासून आरंभ केला. नळीच्या तोंडाशी अंगठा धरून ते पाण्याचा बारीक फवारा उडवीत. मग मऊ फडक्याने एकेक पान तळहातावर घेऊन पुशीत, वरून आणि खालून. काळे ओघळ खोडावरून खाली उतरत होते. एखाद्या तान्ह्याला न्हाऊ घालावे तशी त्या हातांची गती होती, आणि हे बाईंना त्याही अवस्थेत दिसले. पण त्या पुढे झाल्या नाहीत. पक्की खात्री व्हावी म्हणून त्यांनी सात झाडे धुऊन होऊ दिली. त्या सात झाडांचा विचार पुढे त्यांना पुष्कळ दिवस टोचत राहिला.

आठव्या झाडापाशी त्या समोर आल्या.

‘कोणाच्या सांगण्यावरून करता हे, भाऊजी?’

भाऊजी दचकले नाहीत. त्यांनी फडके पिळले. ‘सांगायला कशाला हवं, वहिनी? नऊ वाजता पाहणी आहे ना?’

‘म्हणूनच विचारते.’

‘म्हणूनच धुतोय. बोटीवर पाहणी असली की पहाटेपासून गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढायचं. कठडे, दोर, घंटासुद्धा. मिठाचा एक पांढरा डाग दिसला तर तांडेल चार लोकांत पाणउतारा करायचा.’ त्यांनी पुढचे पान हातात घेतले. ‘मागच्या खेपेला ती मुलगी पानं उलटी करकरून बघत होती. माझ्याच झाडांना दोरे बांधलेत, माझीच परीक्षा आहे, हे मला कळत नाही होय? तुम्ही पण म्हणालात की त्या दिवशी, बाग कशी लख्ख दिसतेय म्हणून.’

बाईंना ते आठवले. खरोखरच त्या तसे म्हणाल्या होत्या, आणि अभिमानाने म्हणाल्या होत्या.

त्यांनी हळूहळू सगळे सांगितले: दोरे कशासाठी, पाकिटे कशासाठी, धूळ का तोलायची, रेषा म्हणजे काय. पाणी चालूच होते. ते भाऊजींच्या पायांवरून वाहत वाफ्यात गेले. ऐकून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि विचारले, की हे सगळे कधी ठरले? बाईंनी सांगितले, प्रयोगशाळेची माणसे समितीच्या बैठकीत येऊन समजावून गेली होती. त्या बैठकीला माळ्याला बोलवावे असे कोणाच्या मनातच आले नव्हते. त्याच बैठकीत माळ्याने मागितलेली नवी नळी नामंजूर झाली होती, आणि तो ठराव बाईंच्याच सुंदर अक्षरात दप्तरी होता. म्हणून भाऊजींनी ती हिरव्या साहेबांकडे मागितली. बाकावरचा तो चहा नळीच्या अर्जासाठी होता.

‘पण तुम्ही इथे आधीपासून उभ्या होतात?’ भाऊजींनी पंपघराकडे पाहत विचारले.

खोटे बोलणे बाईंना जमले नसते. त्यांनी पर्समधून पत्र काढून त्यांच्या ओल्या हातात दिले. भाऊजींनी ते सावकाश, ओठ हलवीत वाचले, आणि घडीवर घडी जुळवून परत केले.

‘अक्षर छान आहे,’ ते म्हणाले. ‘आता काय करायचं ते सांगा, सेक्रेटरीबाई.’

बाई सून होऊन घरात आल्यापासूनच्या चाळीस वर्षांत भाऊजींनी त्यांना वहिनीखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

नऊ वाजायला अवकाश होता. औषधवाले अध्यक्ष सर्वांत आधी आले. त्यांना सर्व वृत्तान्त सांगितला तेव्हा त्यांनी भिजलेल्या झाडांकडे पाहून त्वरित एक उपाय काढला. वस्तीतल्या प्रत्येक खिडकीवर मूठभर धूळ पडलेली आहे. ती आणून पानांवर भुरभुरावी, पाने तोवर वाळतील. यात खोटे काय? ‘धूळ तरी त्यांचीच आहे,’ ते म्हणाले. बाईंना मोह झाला नाही असे कसे म्हणावे? दवाखान्याच्या बंद खिडक्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण एका निरपराध्यावर आळ घेऊन त्यांना तास-दोन तासच लोटले होते. लगेच दुसरे पातक करण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. त्यांनी नकार दिला. अध्यक्षांनी खांदे उडवले.

प्रयोगशाळेतली मुलगी आणि हिरवे साहेब आले तेव्हा बाईंनी फाटकातच सांगून टाकले: आजची पाने धुतलेली आहेत, मागचीही धुतलेली होती, दोष समितीचा आहे, माळ्याचा नाही. मुलीने हातातली पाकिटे पिशवीत परत ठेवली. साहेब मात्र हसले, आणि ते हसू प्रसन्न नव्हते.

‘निकाल विरुद्ध गेला, आणि आता म्हणता पानं धुतली होती,’ ते म्हणाले. ‘उद्या तुम्ही त्यांच्यावर धूळ टाकणार नाही कशावरून?’

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिले नाही, आणि अध्यक्षांनी आकाशाकडे पाहिले. ज्या नजरेने बाई अडीच महिने भाऊजींकडे पाहत होत्या, त्याच नजरेने साहेब आता बाईंकडे पाहत होते. ती नजर अंगावर कशी लागते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम समजले.

मार्ग सुचवला तो भाऊजींनी. ते बाजूला उभे होते. कोणी न विचारता बोलले. बंदरात मालाच्या पेटाऱ्याला दोन्ही पक्षांचे सील लावतात, कोणाचाच कोणावर भरवसा नसतो, तरी माल सुखरूप पोचतो. नळाला तसे सील लावा. पंधरा दिवस मी पंपघराच्या हौदातून झारी भरून झाडांना मुळाशी पाणी घालीन. फाटकाला आणखी एक कुलूप घाला, हवे तर रोज येऊन बघा. मुलीने पुस्तिका उघडून पाहिली. पाने ओली किंवा धुतलेली सापडल्यास पाहणी रद्द करून एकदा पुन्हा घ्यावी, असा नियम होता. साहेबांना विरोध करायला जागा राहिली नाही. नळाच्या चक्राला तार गुंडाळली गेली, तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीच्या एका बाजूला साहेबांची हिरवी सही आणि दुसऱ्या बाजूला बाईंची निळी.

ते पंधरा दिवस कोणालाच सुखाचे गेले नाहीत. पाने आधी मंद झाली, मग राखाडी, मग कडांशी काळी. भाऊजी झारी घेऊन जात-येत, आणि वर पाहणे टाळीत. आजारी माणसाच्या खोलीत वावरावे तसे ते बागेत वावरत होते. रविवारी ते जेवायला आले नाहीत. यजमान एकटेच जेवले, आणि भाजीत मीठ कमी आहे असे म्हणाले; ते वास्तविक पुरेसे होते. पुढच्या रविवारीही भाऊजी आले नाहीत.

बाई रोज सकाळी जाऊन दुसरी झारी उचलीत. भाऊजी नको म्हणत नसत, या असेही म्हणत नसत. चौथ्या दिवशी हौदातून झारी भरताना आपली नजर नळावरच्या तारेकडे गेली आहे, ती शाबूत आहे की नाही हे आपण पाहतो आहोत, असे बाईंच्या लक्षात आले. सगळे कळल्यानंतरही! भाऊजींनी ते पाहिले की नाही, ठाऊक नाही. हिरवे साहेबही अवेळी येऊन बाकावर बसत, कोणी पानांवर धुळीची मूठ उघडते का ते पाहत. सहाव्या दिवशी त्यांनी रुमालाने मान पुसली, रुमालाकडे पाहिले, आणि घडी घालून तो खिशात ठेवला. त्यानंतर ते आले तरी फाटकातूनच परत जात.

पंधराव्या दिवशी मुलीने पाने तोडली. चौदा दिवसांनी निकाल आला. धूळ रेषेच्या वर भरली होती; फार वर नव्हे, पण निःसंशय वर. साहेबांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. सही करताना ते बाईंना म्हणाले, की त्यांची आई याच वस्तीत राहत असे. एवढेच बोलून त्यांनी कागद पुढे सरकवला. हे खरे असेल का, असा विचार बाईंच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो येऊ दिला आणि जाऊ दिला.

पट्ट्यावर खड्डे खणण्याचा दिवस आला. समितीच्या ठरावाने भाऊजी आता सभासद झाले होते. पहिल्या बैठकीत त्यांनी एवढेच सांगितले, की खड्डा कमरेइतका खोल हवा, कारण वरची हातभर माती कोळशाने मेलेली आहे. यजमान खुर्ची टाकून बसले होते आणि कुदळ कशी धरावी हे सर्वांना सांगत होते. स्वतः धरीत नव्हते. बाई एका खड्ड्यात उतरल्या होत्या. भाऊजी काठावर आले तेव्हा त्यांनी फावडे टेकले.

‘भाऊजी, माझं चुकलं,’ त्या म्हणाल्या. ‘आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.’

भाऊजींनी खड्ड्याची खोली नजरेने मापली.

‘अजून वीतभर खणा, सेक्रेटरीबाई,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने हात पुढे करून ते बोलले, ‘आणि वर या आता. गुडघे धरतील तुमचे. उरलेलं मी खणतो.’

बाईंनी तो हात धरला. हाक बदलली नव्हती. ती एवढ्यात बदलावी अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्या जाणून होत्या. भिंतीपलीकडे माल उचलणाऱ्या यारीचा घरघराट चालू होता, आणि वाऱ्याबरोबर काळी भुकटी येतच होती. ताज्या मातीवर, फावड्यांवर, सर्वांच्या केसांवर सारखीच बसत होती. संध्याकाळपर्यंत चाळीस खड्ड्यांत चाळीस रोपे उभी राहिली, आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी एक खिडकी बोटभर उघडून पाहिली.

त्या रोपांची मुळे मेलेली माती ओलांडून जिवंत मातीपर्यंत पोचोत. ज्याने आळ सोसला त्याचे मन हलके होवो. जिने आळ घेतला तिला स्वतःला क्षमा करण्याइतके आयुष्य लाभो. भिंतीच्या त्या बाजूला जे राबतात आणि या बाजूला जे श्वास घेतात, त्या सर्वांचे कल्याण असो.